मदत हवी आहे : मेगा मॅन ९ हा दुसऱ्या भागाच्या पुढे जातो की त्याची केवळ नक्कल करतो?

नमस्कार मंडळी,

मेगा मॅन या व्हिडिओ गेम मालिकेचे पहिले सहा भाग क्रमाने खेळून झाल्यावर मी आणि मिरजेचा माझा भाचा सध्या नववा भाग खेळत आहोत. नववा भाग मुद्दाम दुसऱ्या भागाच्या वळणावर बेतलेला आहे, पण ती प्रगती की अधोगती यावर आमचे एकमत होत नाही, म्हणून जाणकारांचे मत हवे आहे.

तिसऱ्या भागात (१९९०) आलेले स्लाइड (जमिनीलगत घसरत जाणे) आणि चौथ्यात आलेला चार्ज शॉट (बटण दाबून धरून सोडलेला जोरदार मारा), या दोन्ही सोयी २००८ च्या नवव्या भागात मेगा मॅनकडून काढून घेतल्या आहेत. आठवा भाग प्लेस्टेशनपर्यंत पोहोचलेला असताना नवव्यासाठी आठ-बिटी (पहिल्या सहा भागांसारखे जुन्या धाटणीचे) रूप मुद्दाम निवडले गेले, आणि जुन्या यंत्रावर गर्दी झाली की चित्रे जशी लुकलुकत, तशी लुकलुकही हवी असल्यास चालू करता येते. भाच्याचे म्हणणे असे की, रूप जुने असायला हरकत नाही, पण तिसऱ्यापासून आठव्यापर्यंत हाताला बसलेली चाल हिरावून घेणे ही अधोगतीच होय. प्रोटो मॅन या खेळता येणाऱ्या दुसऱ्या पात्राला दोन्ही क्षमता आहेत, पण त्याला इजा दुप्पट होते आणि मूळ प्रकाशनात त्याचे वेगळे पैसे मोजावे लागत, हेही भाच्याला खटकते.

मला हे पटत नाही. (सांगलीत आमच्या लहानपणी '९९९९ इन १' कॅसेटवर मारिओ आणि कॉन्ट्रा मिळाले, मेगा मॅन नाही, त्यामुळे माझ्या मतात आठवणींचा भाग नाही.) या खेळांत लेव्हलच्या शेवटच्या बॉसला (मोठ्या शत्रूला) हरवले की त्याचे शस्त्र मिळते; दुसऱ्या भागात त्यांपैकी मेटल ब्लेड हाती आले की इतर शस्त्रांची आठवणही होत नाही, कारण ते आठही दिशांना फेकता येते आणि त्याची ऊर्जा फारशी संपत नाही. नवव्यात मात्र प्रत्येक शस्त्राला मारण्यापलीकडचे काम आहे : काँक्रीट शॉटचा ठोकळा पायरी म्हणून वापरता येतो, टॉर्नेडो ब्लोने उडी उंच जाते, हॉर्नेट चेसर लांबच्या वस्तू आणून देतो. स्लाइड काढल्यामुळेच लेव्हल रचणाऱ्यांना उडी आणि नेम यांवर इतका बारकाईने विचार करता आला, असा माझा तर्क आहे. ज्वेल सॅटेलाइट हे भोवती फिरणारे कवच मात्र खेळ फारच सोपा करून टाकते, हे मान्य करतो.

चौथा ते सहावा भाग मनापासून आवडलेल्या खेळाडूंना नवव्यात स्लाइडची उणीव शेवटपर्यंत जाणवली का, की काही बॉसनंतर ती विसरायला झाली? खेळातल्या दुकानातून खड्ड्यात पडण्यापासून वाचवणारा बीट हा पक्षी आणि काट्यांपासूनचे संरक्षण पहिल्याच खेपेला घ्यावे का, की त्याने लेव्हलची मजा जाते? आणि यानंतर दहावा भाग घ्यावा, की स्लाइड व चार्ज शॉट परत आणणारा अकरावा (२०१८)? भाच्याचा कल अर्थातच अकराव्याकडे आहे.

शेवटच्या किल्ल्यातील बॉसविषयी कृपया काही उघड करू नये, आम्ही अजून तिथे पोहोचलेलो नाही.