वाचनालयात दाखवण्यासाठी कोल्हापूरचे जुने चित्रपट: सुरुवात कशाने करावी?

रंकाळाकाठचा वाचक:
नमस्कार. आमच्या पेठेतील वाचनालयात दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी एक जुना मराठी चित्रपट दाखवावा, असे समितीने ठरवले आहे. प्रेक्षकांचे दोन गट असतील: सकाळी वृत्तपत्रे वाचायला येणारे निवृत्त सभासद आणि स्पर्धा परीक्षांच्या तयारीसाठी अभ्यासिकेत बसणारी मुले-मुली. पहिला गट काहीही आनंदाने पाहील. दुसरा मात्र मध्यंतरापूर्वी उठून गेला, तर पुन्हा फिरकणार नाही. समितीतील ज्येष्ठांचा आग्रह ‘अयोध्येचा राजा’ने शुभारंभ करण्याचा आहे, कारण १९३२ सालचा हा पहिला मराठी बोलपट ‘प्रभात’ फिल्म कंपनीने आपल्या कोल्हापुरातच तयार केला. त्या मानाबद्दल दुमत नाही, पण पहिल्याच खेळाला तो दाखवण्याची मला धास्ती वाटते. कोल्हापूरशी नाते असलेले चार-पाच चित्रपट जाणकारांनी सुचवावेत आणि कोणता आधी दाखवावा, हेही सांगावे.

जुना प्रेक्षक:
आपली धास्ती योग्य आहे. पहिला म्हणून दाखवलेला चित्रपट लोक आदराने पाहतात, आणि आदराने पाहिलेल्या चित्रपटावर नंतर कोणी वाद घालत नाही. माझे मत ‘कुंकू’ (१९३७) या चित्रपटाला आहे. ‘प्रभात’ १९३३ साली पुण्याला गेली हे खरे, परंतु शांताराम, दामले, फत्तेलाल ही ‘प्रभात’ची संस्थापक मंडळी बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत, म्हणजे याच गावात, घडली होती; त्यामुळे ‘कुंकू’वर कोल्हापूरचा हक्क सांगायला हरकत नसावी.

ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून घेतलेल्या या कथेत नीरा या तरुण मुलीचे लग्न फसवणुकीने एका वृद्ध वकिलाशी लावून दिले जाते आणि ती त्या लग्नाला लग्न मानायला ठाम नकार देते. शांता आपटे यांनी हा नकार रडून नव्हे, तर ताठ मानेने उभा केला आहे. केशवराव दाते यांचे काकासाहेब तर अधिकच पाहण्यासारखे आहेत, कारण त्यांना खलनायक करून मोकळे होण्याची सोपी वाट दिग्दर्शकाने घेतलेली नाही. आपण काय करून बसलो, हे त्या म्हाताऱ्याला हळूहळू उमगत जाते आणि प्रेक्षकाला त्याचा राग धरून ठेवणे कठीण होते.

मुलांना आधी एक गोष्ट अवश्य सांगा: या चित्रपटाला रूढ अर्थाचे पार्श्वसंगीत नाही. जे ऐकू येते ते त्या घरातले आणि रस्त्यावरचेच आवाज असतात, आणि घड्याळाची टिकटिक तर एखाद्या पात्राइतकी हजर असते. हे ठाऊक असले, म्हणजे शांतता ‘जुन्या चित्रपटाचा संथपणा’ वाटत नाही.

उत्तरेश्वरकर:
‘कुंकू’च्या थोरवीबद्दल वाद नाही, पण रविवारच्या संध्याकाळी पहिलाच खेळ इतका जड कशासाठी? मी ‘ब्रह्मचारी’ने (१९३८) सुरुवात करेन. तो मास्टर विनायक, बाबूराव पेंढारकर आणि पांडुरंग नाईक यांनी १९३६ मध्ये कोल्हापुरात काढलेल्या ‘हंस पिक्चर्स’चा आहे आणि लेखन आचार्य अत्रे यांचे आहे. एका व्याख्यानाने भारावून आजन्म ब्रह्मचर्याची प्रतिज्ञा करणारा औदुंबर आणि ती प्रतिज्ञा धुळीला मिळवणारी किशोरी (मीनाक्षी शिरोडकर), एवढ्यावर अत्र्यांनी केवढी धमाल उडवली आहे! मीनाक्षीच्या पोहण्याच्या पोशाखाने त्या काळी मोठी खळबळ उडाली होती. आजच्या मुलांना त्या खळबळीचेच हसू येईल. परीक्षेपायी मोबाईलचा त्याग केल्याची शपथ घेणारे औदुंबर आपल्या अभ्यासिकेतही असतीलच.

‘संत तुकाराम’ (१९३६) मात्र यादीतून गळू देऊ नका. तुकोबा झालेल्या पागनीसांची लीनता सर्वांना ठाऊक आहे. मला त्याहून मोठी वाटते ती गौरी यांची आवली, जी देवालाही फैलावर घ्यायला कचरत नाही. ‘आधी बीज एकले’ हा अभंग तुकोबांचा नसून शांताराम आठवले यांनी चित्रपटासाठी लिहिला आहे, हे खेळ संपल्यावरच सांगावे. आधी सांगितले तर मजा जाते.

पन्हाळा रोड:
चर्चा ‘प्रभात’ आणि ‘हंस’पाशीच थांबली, म्हणून लिहिते. जयप्रभा स्टुडिओ आणि दिग्दर्शक भालजी पेंढारकर यांना वगळून कोल्हापूरची यादी पुरी होणार नाही. भालजी म्हटले की ऐतिहासिक चित्रपट आठवतात. मी मात्र ‘साधी माणसं’ (१९६५) सुचवेन. लोहाराच्या भात्यापुढे गायलेले ‘ऐरणीच्या देवा तुला’ आपल्या सर्वांना पाठ असते, पण गाण्याबाहेरचा चित्रपट फार थोड्यांनी नीट पाहिलेला असतो. संगीतकार म्हणून नाव असलेले ‘आनंदघन’ म्हणजे लता मंगेशकर, हे मुलांपैकी किती जणांना माहीत असेल?

दुसरे नाव ‘सामना’. जब्बार पटेल यांचा हा चित्रपट कोल्हापूरचा नव्हे, तरीही साखर कारखान्याच्या आधारे उभी राहिलेली सत्ता आणि तिच्यापुढे ‘मारुती कांबळेचं काय झालं?’ असे विचारत राहणारा दारुडा मास्तर हे दृश्य आपल्या जिल्ह्याला वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. निळू फुले आणि श्रीराम लागू यांच्या जुगलबंदीसाठी अभ्यासिका शेवटपर्यंत बसेल.

एक व्यावहारिक बाब. आपल्याकडे चित्रपटाचा स्वामित्वहक्क प्रदर्शनाच्या पुढील वर्षापासून साठ वर्षे टिकतो. त्यामुळे तिशीच्या दशकातील चित्रपटांची मुदत केव्हाच संपली आहे. ‘सामना’साठी मात्र हक्कधारकांची परवानगी आधी घ्यावी लागेल. शिवाय जुन्या ध्वनिपट्टीत खरखर असते, तेव्हा सभागृहातील पंखे चालू ठेवून आवाज आदल्या दिवशी तपासावा. संवादच ऐकू आले नाहीत, तर चित्रपट कोणताही असला तरी मुले उठतील.

रंकाळाकाठचा वाचक:
सर्वांचे आभार. समितीपुढे ‘ब्रह्मचारी’, ‘कुंकू’, ‘साधी माणसं’, ‘संत तुकाराम’ असा क्रम मांडतो आणि ‘अयोध्येचा राजा’ पाचव्या महिन्यात ठेवतो. तोवर मुलांना दुर्गा खोटे आणि गोविंदराव टेंबे कोण, हे विचारावेसे वाटू लागलेले असेल. ‘सामना’ परवानगी मिळाल्यावर. ‘कुंकू’नंतर चर्चेसाठी अर्धा तास राखून ठेवणार आहे. ‘जुना प्रेक्षक’ यांना त्या दिवशी येणे जमेल का?

जुना प्रेक्षक:
अवश्य येईन. पण प्रास्ताविकाला पाच मिनिटांहून अधिक वेळ कोणालाही देऊ नका, मलासुद्धा.