डाइंग लाइट २ चे पैसे: अंधारात शिरून कमवावेत की वस्तू दुप्पट करून?

रातकिडा_नागपूर

डाइंग लाइट २ या झोंबींच्या व्हिडिओ गेममध्ये पैसे झटपट कसे जमवायचे, असं कोणी नवीन पोरानं विचारलं की पहिलं उत्तर ठरलेलं असतं: "मित्राला को-ऑपमध्ये बोलाव, वस्तू दुप्पट करून घे, विकून टाक." को-ऑप म्हणजे मित्रांसोबत ऑनलाइन एकत्र खेळणं, आणि दुप्पट करणं म्हणजे गेममधली चूक वापरून एका वस्तूच्या दोन काढणं. मला हे उत्तर मनापासून खटकतं, म्हणून हा धागा.

हा गेम ४ फेब्रुवारी २०२२ ला आला. मी पहिल्या आठवड्यापासून खेळतोय. माझं म्हणणं असं की गेममधल्या व्हिलेडोर शहरात पैसा कुठे ठेवायचा हे बनवणाऱ्यांनी फार विचार करून ठरवलंय. त्यांनी तो अंधारात ठेवलाय. डार्क हॉलो म्हणजे माल असलेल्या अंधाऱ्या ओसाड इमारती. तिथे दिवसा गेलात तर आत झोपलेले इन्फेक्टेड, म्हणजे झोंबी, खचाखच भरलेले असतात, पाय ठेवायला जागा नसते. रात्री तेच बाहेर रस्त्यावर निघतात आणि आत मोजके उरतात. म्हणजे आतला माल घ्यायची खरी वेळ रात्रच. पण तिथवर जायचं तर ज्या रस्त्यावर ते सगळे उतरलेत, त्याच रस्त्यानं किंवा त्याच्या वरच्या गच्च्यांवरून जावं लागतं. हाऊलर नावाच्या किंचाळणाऱ्या झोंबीनं एकदा पाहिलं की पाठलाग सुरू. जून २०२३ च्या अपडेटनंतर तर व्होलाटाइल, म्हणजे सगळ्यात घातक झोंबी, रात्री मोकळेच फिरायला लागले. वर इम्युनिटीचं, म्हणजे अंधारात आपण स्वतः झोंबी न होता किती वेळ टिकू त्याचं, घड्याळ उलटं चालूच असतं.

माझी पद्धत सांगतो. निघायच्या आधी स्क्रॅपमधून (भंगारातून) भरपूर लॉकपिक (कुलूप उघडायच्या तारा) करून ठेवायचे. आत वाकून चालायचं, सर्व्हायव्हर सेन्स (आसपासचा माल दाखवणारं बटण) दाबत राहायचं, झोपलेल्याच्या अंगावर टॉर्च रोखून उभं राहायचं नाही. ओसाड दुकानंही रात्रीच करायची. परतताना यूव्ही दिव्यांचा सेफ झोन, म्हणजे झोंबी शिरत नाहीत अशी जागा, कुठे आहे ते जातानाच हेरून ठेवायचं. व्यापाऱ्यासमोर उभं राहिलं की सगळ्या मौल्यवान वस्तू एकदम विकायची सोय असते, तिथे वेळ जात नाही.

माझ्या बाबांचं कॉटन मार्केटमध्ये भाजीचं काम आहे. पहाटे तीनला उठून जातात. सगळं गाव झोपलेलं असताना जो बाहेर पडतो, त्याच्या हातात सकाळी चार पैसे जास्त असावेत, हे मी लहानपणापासून घरात पाहिलंय. गेममध्ये तेच दिसलं तेव्हा मला ते पटलं. वस्तू दुप्पट करणारा माणूस गेमचा सगळ्यात चांगला भाग स्वतःच्या हातानं कापून फेकतो.

बुटीबोरी_शिफ्टवाला

भाऊ, तुमच्या बाबांबद्दल पूर्ण आदर ठेवून लिहितो. मी बुटीबोरीला कंपनीत आहे. महिन्यातून एक आठवडा रात्रपाळी असते, म्हणजे खरी रात्रपाळी. घरी यायला सकाळचे आठ वाजतात. मला खेळायला मिळतात रविवारचे दोन तास, तेही पोरगी झोपली तर. त्या दोन तासांत गेमनंही मला परत रात्रपाळीलाच लावावं का?

मी वस्तू दुप्पट केल्या. एकदा केल्या आणि मोकळा झालो. त्यानंतर क्राफ्टमास्टरकडे (गेममधल्या कारागिराकडे) ब्लूप्रिंट, म्हणजे वस्तू बनवायचे आराखडे, वाढवायला पैसे कमी पडले नाहीत. मला गच्च्यांवरून धावायला आवडतं, उड्या मारायला आवडतं, गोष्ट पुढे काय होते ते पाहायला आवडतं. कपाटं उघडून अंगठ्या गोळा करायला नाही आवडत. माझ्या घरात, माझ्या पैशानं घेतलेल्या गेममध्ये, एकट्यानं खेळताना मी कोणाचं काय नुकसान केलं ते सांगा.

सदरचा_पोट्टा

माह्याकडे कन्सोल नाही. मी सदरमध्ये गेमिंग पार्लरला जाऊन खेळतो, तासाचे ऐंशी रुपये. त्यामुळे "झटपट" हा शब्द माह्याइतका कोणीच मनावर घेत नसेल.

मी दोन्ही करून पाहिलंय. दुप्पट करायचं म्हणजे मित्र शेजारच्या कन्सोलवर, म्हणजे दोघांचे मिळून तासाचे एकशे साठ. त्यात वस्तू टाका, बाहेर निघा, परत या, उचला, जमलं नाही तर पुन्हा. पाऊण तास आम्ही नुसते सेफ झोनमध्ये उभे राहून मेनू उघडझाप करून राहिलो होतो. एक झोंबी नाही पाहिला. पुढच्या वेळी एकटा गेलो आणि रात्री दोन डार्क हॉलो केले. पैसे कमी मिळाले हे खरं, पण तो तास खेळल्यासारखा वाटला. उठताना हाताला घाम होता.

ऐंशी रुपये देऊन मेनू काहून पाहायचा? नंतर एका अपडेटमध्ये आम्ही वापरलेली ती युक्तीच बंद झाली. म्हणजे शिकलेलंही वाया गेलं.

बुटीबोरी_शिफ्टवाला

तुझं गणित तुझ्यासाठी बरोबर आहे, पार्लरमध्ये मीही हेच केलं असतं. पण माझा पाऊण तास एकदाच गेला आणि पुढचे पन्नास तास सुटले. तू प्रत्येक तासाचा वेगळा हिशोब करतोस, मी पूर्ण गेमचा करतो.

गोकुळपेठ_गेमर

दोघांनाही एक गोष्ट विचारते. दुप्पट करून आलेल्या पैशानं तुमचं नेमकं काय झालं? डाइंग लाइट २ मध्ये ब्लूप्रिंट वाढवायला नुसते पैसे चालत नाहीत, इन्फेक्टेड मारून मिळणाऱ्या ट्रॉफीही लागतात. वरच्या पातळ्यांना दुर्मिळ ट्रॉफी लागतात आणि त्या साध्या चालत्या मुडद्यांकडे नसतात, तगड्या आणि विशेष इन्फेक्टेडकडे असतात. तुम्ही खिशात कितीही नोटा भरा, क्राफ्टमास्टर म्हणणार, ट्रॉफी आण. आणि त्या आणायला रात्रीच्या त्याच रस्त्यावर उतरावं लागतं. म्हणून वस्तू दुप्पट करणाऱ्याचं अर्धंच काम होतं, असं मला वाटतं.

माझा जीव डेज गॉन या दुसऱ्या झोंबी गेममध्ये जास्त अडकलाय, म्हणून तिथलंही सांगते. तिथे एक सामाईक पैसाच नाही. प्रत्येक कॅम्पचं क्रेडिट वेगळं. फ्रीकरचे (तिथल्या झोंबींचे) कान कापून आणायचे आणि कुठल्या कॅम्पला द्यायचे ते आपण ठरवायचं. कोपलँड या प्रमुखाच्या कॅम्पला दिले तर मोटारसायकल सुधारते, टकरबाईच्या कॅम्पला दिले तर चांगल्या बंदुका खुल्या होतात. टकरच्या कॅम्पात लोकांना राबवून घेतात, हे कळल्यावर मी कान तिच्याकडे नेणं बंद केलं. बंदुका उशिरा मिळाल्या, चालेल. पैसा कमावणं आणि तो कोणाच्या दारात नेऊन ठेवणं, या दोन्हींना वजन असलं की माणूस शॉर्टकट शोधतच नाही. डाइंग लाइटमध्ये सगळे व्यापारी सारखेच. कोणाकडे विकलं यानं काही बदलत नाही. मग लोक त्याला आकडा समजतात आणि आकडा दुप्पट करावासा वाटतोच. मी दोष शिफ्टवाल्या दादांना देणार नाही, गेमला देईन.

रातकिडा_नागपूर

ताई, ट्रॉफीचा मुद्दा माझ्याकडून राहून गेला होता, तो शंभर टक्के बरोबर. व्यापाऱ्यांबद्दल मात्र सहमत नाही. सगळे सारखे आहेत म्हणूनच मी कुठल्याही टोकाला असलो तरी पळत जवळच्या पवनचक्कीपाशी पोहोचू शकतो. पवनचक्की चालू केली की तिथे सेफ झोन होतो. पाठीवर माल, मागे चार जण, समोर यूव्हीचा निळा उजेड. त्या क्षणी एकाच ठरावीक कॅम्पला जा म्हटलं असतं तर मी तिथेच मेलो असतो.

जरीपटका_को_ऑप

मी इथे फार लिहीत नाही, पण हा विषय माझ्या जवळचा आहे.

पहिला डाइंग लाइट, जानेवारी २०१५ चा. मी आणि माझा मावसभाऊ, उन्हाळ्याच्या सुट्ट्या, खोलीत कूलर, दुपारी सगळे झोपलेले. आम्ही गेममधल्या हारान शहराच्या स्लम्समध्ये (झोपडपट्टीत) होतो. एक पाइप, एक टेबलाचा पाय, बस एवढंच हातात. हत्यार तुटत आलं की मेटल पार्ट्स शोधत फिरायचं, आणि दुरुस्तीसुद्धा ठरावीक वेळाच होते हे माहीत असल्यामुळे प्रत्येक वार जपून. गॉज आणि अल्कोहोल मिळालं की मेडकिट बनवायचं आणि दोघांत वाटून घ्यायचं. रात्र झाली की भाऊ म्हणायचा, "नको बे, टॉवरवर (आपल्या सुरक्षित अड्ड्यावर) जाऊन झोपू." पण रात्री अजिलिटी (चपळाई) आणि पॉवरचे (ताकदीचे) पॉइंट दुप्पट मिळतात म्हणून मी त्याला ओढून न्यायचो. दोन दिवस दुकानातल्या एका कोयत्याकडे पाहून आम्ही पैसे साठवत होतो.

तिसऱ्या दिवशी एक अनोळखी माणूस आमच्या गेममध्ये शिरला. एक शब्द बोलला नाही. आमच्यासमोर हत्यारांचा ढीग टाकला आणि निघून गेला. एका फटक्यात काहीही मरेल अशी हत्यारं. त्यातली दोन विकली तरी दुकान रिकामं करता आलं असतं. आम्ही नाचलो, खरंच नाचलो. संध्याकाळपर्यंत रात्रीची भीती गेली होती. दुसऱ्या दिवशी भावानं कंट्रोलर हातातच घेतला नाही, म्हणाला क्रिकेट खेळू. ओल्ड टाउन या गेमच्या पुढच्या भागापर्यंत आम्ही पोहोचलोच नाही. तो कोयताही घेतला नाही. भाऊ आता पुण्यात असतो. परत एकत्र बसून तो गेम पूर्ण करणं झालं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून माझं मत धागा काढणाऱ्याच्या बाजूनं.

बुटीबोरी_शिफ्टवाला

तुमचं वाचून मी दहा मिनिटं काही लिहिलं नाही. वाईट झालं. पण त्यातच माझाही मुद्दा आहे. तुमच्याकडून ते त्या अनोळखी माणसानं घेतलं, तुम्हाला न विचारता. मी जे केलं ते माझं मी ठरवून केलं, मला गेममधून काय हवंय हे माहीत असताना. भीती मला हवीच नव्हती. भीती तुम्हाला हवी होती आणि ती तुमच्याकडून गेली. या दोन गोष्टींना एकाच नावानं बदनाम करू नका.

सदरचा_पोट्टा

पण शिफ्टवाले भाऊ, आपल्याला काय हवंय ते आधी कसं कळणार? मला पण वाटायचं की मले नुसत्या उड्या मारायच्यात. पहिल्यांदा डार्क हॉलोतून जिवंत बाहेर पडलो तेव्हा कळलं की मले हे हवं होतं. आधीच पैसे भरलेले असते तर मी आत गेलोच नसतो.

रातकिडा_नागपूर

पोट्ट्यानं माझ्यापेक्षा नीट मांडलं.

शिफ्टवाले भाऊ, एक गोष्ट मागे घेतो. "स्वतःच्या हातानं कापून फेकतो" असं मी लिहिलं ते तुम्हाला लागू नाही. तुम्ही गेम ओळखून ठरवलंत, तो तुमचा हक्क. माझा राग नवीन पोराला दिल्या जाणाऱ्या पहिल्या उत्तरावर आहे आणि तो कायम आहे. ज्यानं अजून एकही रात्र पाहिली नाही त्याला आपण पहिल्याच दिवशी त्या अनोळखी माणसासारखा ढीग देतो. तो विचारतो "लवकर कसे कमवू", त्याला रस्ता सांगा. कुठल्या वेळी जायचं, लॉकपिक किती ठेवायचे, बाहेर पडायची खिडकी कुठली, इम्युनिटी कमी होत आली तर काय करायचं. इनहिबिटर हे औषध आधी शोधायला सांगा, कारण त्यानं अंधारात थांबायची मुदत वाढते आणि मुदत वाढली की एका फेरीत जास्त माल निघतो. हेही लवकर कमावणंच आहे.

आणि तुमच्या दोन तासांबद्दल. एका फेरीला मला वीस-पंचवीस मिनिटं लागतात, जागा ओळखीची असेल तर त्याहून कमी. सगळी कपाटं उघडायचीच नाहीत, कुलूपबंद पेट्या आधी करायच्या. अंगठ्या गोळा करत बसलात म्हणून कंटाळा आला, असं मला वाटतं.

गोकुळपेठ_गेमर

पेट्यांबद्दल हो. पण नवख्याला कुलूपं सांगताना हेही सांगा की लॉकपिक तुटला की दुसरा लावताना हात घाई करतो, आणि शेजारी कोणी झोपलेलं असेल तर तिथेच घात होतो. मी चारदा अशीच मेले आहे.

बुटीबोरी_शिफ्टवाला

बरं. वाद घालण्यापेक्षा पाहूनच घेतो. माझं म्हणणं बदललेलं नाही, पण वीस मिनिटांत फेरी होते हे मला डोळ्यांनी पाहायचंय. को-ऑपला चार जण चालतात. शनिवारी माझी दुसरी शिफ्ट अकराला सुटते, वर्धा रोडनं घरी यायला बारा वाजतात. तुम्ही होस्ट करा. मी नवीन हत्यार न घेता येतो, जुनं हिरवं (खालच्या दर्जाचं) आहे तेच घेऊन.

रातकिडा_नागपूर

बारा ठीक. बाबा तीनला निघतात, तोवर मी जागाच असतो. जरीपटका, एक जागा तुमच्यासाठी ठेवतो.

जरीपटका_को_ऑप

येतो. मावसभावाला पण विचारून पाहतो, त्याच्याकडे हा दुसरा भाग आहे का ते.

सदरचा_पोट्टा

पार्लर अकराला बंद होतं. काय झालं ते रविवारी नीट लिहा, किती मिनिटं लागली आणि किती मिळाले ते पण.