मदत हवी आहे: घरातच राहणारा बोका पहाटे दाराशी ओरडतो

आमचा बोका दोन वर्षांचा, देशी, नसबंदी झालेला. ठाण्यात तिसऱ्या मजल्यावर भाड्याचा फ्लॅट आहे. खाली रहदारी आणि भटकी कुत्री, त्यामुळे त्याला मोकळं सोडणार नाही, हे पक्कं.

पहाटे चारच्या सुमारास तो मुख्य दाराशी बसून रडल्यासारखा ओरडतो. डॉक्टरांनी तपासलंय, लघवीचा किंवा दुखण्याचा त्रास नाही. लसी झाल्यात, लिटर ट्रे (शी-शूचा ट्रे) रोज साफ होतो. मांजरं पहाटे आणि तिन्हीसांजेला जास्त चपळ असतात, म्हणून रात्री दोरीला पिसं बांधून त्याला दमेपर्यंत खेळवते आणि मग जेवण देते. झोप लवकर लागते, पहाटेचं ओरडणं तसंच. खिडकीला जाळी आहे, तिथे बसून कबुतरं बघतो, तेवढा वेळ खरंच खूश असतो. नखं घासायला सुतळी गुंडाळलेला खांबही आहे.

घरमालक भिंतीला भोकं पाडू देत नाहीत, म्हणजे त्याला चढायला फळ्या ठोकता येणार नाहीत. दुसरं मांजरही शक्य नाही.

आता हार्नेस (दोरी लावता येते असा अंगात घालायचा पट्टा) घालून संध्याकाळी गच्चीवर न्यायचा विचार आहे. ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा: त्याने दाराशी ओरडणं कमी होतं, की बाहेरची चटक लागून वाढतं?