नवीन प्रेशर वॉशर: धार तुटते, मोटर कधीकधी नुसती घुमते. जोडणीत काय चुकतंय?

केळीवाला_रावेर
राम राम मंडळी. ट्रॅक्टर आणि रोटाव्हेटर धुवायला १८०० वॅटचं प्रेशर वॉशर आणलंय. १३० बार, पाणी मिनिटाला ७ लिटर. गच्चीवरच्या काळ्या टाकीतून अर्धा इंची नळी २५ मीटर खाली आणलीय. लाईट घरच्या बोर्डावरून, ३० मीटर एक्स्टेंशन. ट्रिगर दाबला की धार येते-जाते, हाताला धक्के बसतात. दोन-तीनदा मोटर घुमली, पण फिरली नाही. मशीनच खराब आहे का?

पंपवाला_भुसावळ
भो, मशीन परत करायची घाई नको. हे दोन वेगळे दोष दिसतात. धार तुटणं पाण्यामुळे, मोटर घुमणं बहुतेक लाईटमुळे.

नळी मशीनपासून काढून १५ लिटरची बादली भरून बघा. दीड मिनिटाच्या आत भरली पाहिजे, म्हणजे मिनिटाला १० लिटर. पंपाला लागतं त्यापेक्षा पाणी कमी आलं की तो हवा ओढतो, आणि तेच धक्के. टाकी तीन मीटर उंच असली तरी दाब जेमतेम ०.३ बार मिळतो, आणि तोही लांब बारीक नळीत जिरतो.

मग इनलेटची जाळी काढून धुवा. बोअरच्या पाण्यातली बारीक रेती तिथेच अडकते. कपलिंगमधली रबरी वायसर जागेवर आहे ना, तेही बघा. पंप ओढत असताना तिथून बाहेर एक थेंबही गळत नाही, पण हवा आत शिरते, म्हणून हा दोष नजरेला पडत नाही.

नोझल काढा, नळ पूर्ण उघडा आणि मोटर बंद ठेवूनच ट्रिगर दाबून धरा. आधी फसफस येईल. एकसारखं पाणी पडू लागलं की नोझल बसवा, मगच स्विच. कोरडा पंप मिनिटभर फिरला तरी सील जळू शकतात.

आणि उन्हाळ्यात दुपारी मशीन लावू नका. बऱ्याच घरगुती मशीनला ४० अंशांपर्यंतचंच पाणी चालतं. आपल्याकडे मे महिन्यात काळ्या टाकीतलं पाणी त्याच्या वर जातं. उन्हात पडलेल्या नळीतलं पहिलं पाणी तर हमखास सोडून द्यावं.

वायरमन_चोपडा
लाईटचं सांगतो. १८०० वॅट म्हणजे चालताना सुमारे ८ अँपिअर, सुरू होताना त्याच्या कित्येक पट. एक्स्टेंशनची वायर ०.७५ स्क्वेअर एमएमची असेल तर ३० मीटरला चालतानाच १२ व्होल्टच्या आसपास पडतात, सुरू होताना कितीतरी जास्त. मग मोटर घुमणारच. २.५ स्क्वेअर एमएम तांब्याची तीन कोअर वायर घ्या, १६ अँपिअरचा सॉकेट लावा. वायर गुंडाळलेली ठेवू नका, तापते. व्होल्टेज मोजायचं तर मशीन चालू असताना, ट्रिगर दाबलेला ठेवून.

स्विच टाकतानाही ट्रिगर दाबलेलाच हवा, नाहीतर मोटरला अडकलेल्या दाबावर उठावं लागतं. घुमली तर लगेच बंद करा, वाइंडिंग जळेल.

हात ओले, पाय चिखलात असतात. अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाईट लगेच तोडणारा स्विच) नसेल तर मशीन लावूच नका. शेतात रॉड ठोकून त्यालाच न्यूट्रल करून तर कधीच नाही.

केळीवाला_रावेर
बादलीला अडीच मिनिटं लागली. वायर ०.७५ चीच निघाली, बदलतो. पाण्याचं काय करू?

पंपवाला_भुसावळ
अडीच मिनिटं म्हणजे मिनिटाला ६ लिटर, पंप मागतो ७. मशीनवर सेल्फ सक्शन (म्हणजे स्वतः पाणी ओढून घेणारं) लिहिलं असेल तर २०० लिटरचा ड्रम शेजारी ठेवा आणि टाकीची नळी त्यात चालू सोडा. तासाला फक्त ६० लिटर तूट पडते, म्हणजे ड्रम तीन तासांवर पुरतो. सक्शन नळी न दबणारी, आखूड, तोंडाला जाळी. आधी पाण्याने भरूनच जोडायची. सेल्फ सक्शन नसेल तर टाकीपासून एक इंची पाईप आणा.

ट्रॅक्टर_धुणारा_यावल
एक भर घालतो. काळी माती सुकली की दाबानेही नीट निघत नाही. आधी साध्या पाण्याने भिजवून पंधरा मिनिटं मुरू द्या. पसरट धारेचं नोझल, अंतर एक फूट. टोकदार धार टायरच्या बाजूला, रेडिएटरच्या जाळीवर किंवा रोटाव्हेटरच्या बेअरिंगवर मारू नका. जाळी वाकते, बेअरिंगमध्ये सीलमागे पाणी शिरून ग्रीस धुतलं जातं. धुऊन झालं की ग्रीस गन फिरवा.

बंद करताना आधी स्विच, मग नळ, मग धार पडायची थांबेपर्यंत ट्रिगर दाबा. दाब आत राहिला तर गन काढताना पाणी उसळून अंगावर येतं.