सौरडाग घरून बघायचेत, अरोरा बघायला जायचंय: सल्ला हवा

चौकस_बाप (सांगली)

नमस्कार मंडळी. मे २०२४ मध्ये जगभरातून गुलाबी-हिरव्या आकाशाचे फोटो आले, तेव्हापासून आमच्या घरात सूर्याचं वेड शिरलंय. लेक आठवीत आहे, तिला शाळेच्या प्रकल्पासाठी महिनाभर सौरडागांची नोंद ठेवायचीय. घरात १०×५० चा बायनॉक्युलर आणि ग्रहणाचे दोन चष्मे आहेत. टेलिस्कोप नाही. चार-पाच हजारांच्या वर जायची तयारी नाही.

दुसरं म्हणजे बायकोला नॉर्दर्न लाइट्स, म्हणजेच अरोरा, बघायचेत. ट्रॅव्हलवाला म्हणतो, "सोलर मॅक्सिमम संपत आलंय, आत्ता नाही गेलात तर अकरा वर्षं थांबा." (मॅक्सिमम म्हणजे सूर्याच्या साधारण अकरा वर्षांच्या चक्रातला सगळ्यात जास्त डागांचा काळ.) खरंच असं आहे का? की लडाखात हानलेला जाऊन काम भागेल? जाणकारांनी सांगावं.

दुर्बीणवेडा

आधी चष्म्याबद्दल, कारण तिथेच घोळ होतात. ग्रहणाचा चष्मा घालून बायनॉक्युलरमधून सूर्य बघायचा नाही. कधीच नाही. बायनॉक्युलर सगळी उष्णता एका बिंदूत गोळा करून चष्म्याची फिल्म क्षणात जाळतो आणि पाठोपाठ डोळा. फिल्टर नेहमी पुढच्या मोठ्या भिंगावर, म्हणजे उजेड आत शिरायच्या आधी. डोळ्याकडच्या भिंगात फिरवून बसवायचे छोटे काळे फिल्टर जुन्या टेलिस्कोपांसोबत मिळायचे. तसला कुणी दिला तर घेऊ नका, तापून तडकतात.

तुमच्या पैशांत बसणारी गोष्ट म्हणजे बाडर कंपनीची ॲस्ट्रोसोलर फिल्म. घेताना घनता ५.० वालीच घ्या. ती सूर्याचा लाखातला एक भाग आत सोडते. ३.८ वाली फक्त फोटोसाठी असते, तिच्यातून डोळ्याने बघायचं नसतं. जाड पुठ्ठ्याच्या दोन गोल टोप्या करा, बायनॉक्युलरच्या नळ्यांवर घट्ट बसतील अशा. फिल्म ताणून लावू नका, सुरकुत्या राहिल्या तरी चालतात. वाऱ्याने उडू नये म्हणून बाहेरून चिकटपट्टी मारा. आणि रोज, अगदी रोज, लावायच्या आधी टॉर्चसमोर धरून बारीक भोक पडलंय का बघा. पडलं असेल तर ती टोपी बाद.

जुनाजाणता

एवढा खर्च कशाला? आम्ही १९९५ चं ग्रहण एक्स-रेच्या फिल्ममधून बघितलं. काही झालं नाही.

दुर्बीणवेडा

काका, झालं नाही हे नशीब. एक्स-रेवर हाडं पांढरी आणि बाकी काळं, म्हणजे जागोजागी घनता वेगळी. डोळ्याला अंधार वाटतो, पण अवरक्त किरण आत जातच राहतात. त्यात डोळ्याच्या पडद्याला वेदनेच्या नसा नाहीत, भाजतं ते कळतही नाही. काजळी धरलेली काच, सीडी, दोन-तीन गॉगल एकावर एक, सगळं त्याच रांगेत. वेल्डिंगची काच चालते, पण १४ नंबरचीच, आणि तीही नुसत्या डोळ्याने बघायला.

कागदावरचा_सूर्य

फिल्मही नको असेल तर कागदावर पाडा. बायनॉक्युलर तिवईवर घट्ट बांधा, एका नळीला झाकण लावा, दुसरीतून येणारा सूर्य मागे धरलेल्या पांढऱ्या कागदावर पडू द्या. सूर्याच्या दिशेने नेम धरताना डोळा लावायचा नाही. बायनॉक्युलरची सावली कागदावर सगळ्यात लहान झाली की तो सूर्याकडे वळला असं समजायचं. मग कागद पुढेमागे करून कडा रेखीव करा. कागदाभोवती खोक्याची सावली केलीत तर डाग स्पष्ट दिसतात. आतली भिंगं आणि लोलक तापतात, म्हणून दर एक-दोन मिनिटांनी बायनॉक्युलर बाजूला वळवा. प्लास्टिकची भिंगं असतील तर हा उद्योग करूच नका. आणि कुणीतरी मोठं माणूस सतत जवळ हवं, कारण शेजारचं पोर येऊन पटकन डोळा लावतं.

प्रकल्पासाठी मला ही पद्धत जास्त आवडते. १५ सेंटिमीटरचं वर्तुळ आधीच काढून ठेवा, प्रतिमा त्यात बरोबर बसवा, पेन्सिलीने डाग टिपा. तारीख, वेळ, आकाशाची अवस्था. दिशा कळायला प्रतिमा सरकू द्या, जी कड आधी वर्तुळाबाहेर जाते ती पश्चिम.

वेळ सकाळची, आठ-नऊच्या सुमारास. पुढे गच्ची तापली की हवा थरथरते आणि बारीक डाग पुसल्यासारखे होतात. जमलं तर गच्चीऐवजी झाडाझुडपांच्या अंगणातून बघा. आणि जून ते सप्टेंबर हा प्रकल्प धरू नका, वहीत नुसतं "ढगाळ" लिहावं लागेल.

तळटीप

नुसत्या नोंदीपेक्षा तिला आकडा काढायला शिकवा. रुडॉल्फ वुल्फ या स्विस खगोलशास्त्रज्ञाने १८४८ मध्ये काढलेलं सूत्र आजही चालतं. डागांच्या समूहांची संख्या गुणिले दहा, अधिक सगळ्या डागांची एकूण संख्या. चार समूह, त्यांत मिळून १७ डाग, तर आकडा ५७. ब्रुसेल्सची वेधशाळा जगभरातल्या निरीक्षकांच्या अशा नोंदी जमवून रोजचा आकडा काढते, आणि त्यांत हौशी लोकही आहेत. लेकीचा आकडा त्यांच्यापेक्षा कमीच येईल, कारण लहान बायनॉक्युलरला बारीक ठिपके दिसत नाहीत. पण चढउतार जुळतो का ते बघायचं. आलेख शेजारी शेजारी काढला की प्रकल्प झाला.

तिला श्वाबेबद्दलही सांगा. जर्मनीतल्या देसाऊ गावचा औषधविक्रेता. बुधाच्याही आत एखादा ग्रह आहे का, हे शोधायला १८२६ पासून रोज सूर्य बघत बसला. ग्रह सापडला नाही, पण डाग काही वर्षांच्या फेऱ्याने वाढतात-घटतात हे १८४३ मध्ये त्यानेच सांगितलं. तोवर दुर्बिणीतून डाग बघायला लागून दोनशेहून अधिक वर्षं झाली होती, आणि हे कुणी ठामपणे दाखवलं नव्हतं!

दुर्बीणवेडा

महिनाभराच्या नोंदीत आणखी एक गंमत सापडेल. सूर्य आपल्याला साधारण २७ दिवसांत एक फेरा घेताना दिसतो, म्हणजे डाग एका कडेवरून दुसऱ्या कडेला जायला तेरा-चौदा दिवस. एखादा दणकट समूह मागे जाऊन परतही येतो. मे २०२४ मध्ये आकाश रंगवणारं सौरवादळ ज्या समूहातून आलं तो १३६६४ क्रमांकाचा, रुंदीला सुमारे १५ पृथ्वी. नुसत्या ग्रहणाच्या चष्म्यातून दिसत होता. महिनाअखेरीला परत उगवला तेव्हा त्याला १३६९७ हा नवा क्रमांक मिळाला. नंबर बदलतो, मूर्ती तीच.

डाग मोठा म्हणजे घातक, असं नाही. साधा गोल, एकटा डाग कितीही मोठा असला तरी बहुधा शांत असतो. ज्या समूहात चुंबकीय उत्तर-दक्षिण ध्रुव एकमेकांत गुंतलेले असतात, ज्याची गडद गाभ्यांची मांडणी रोज बदलते, तो स्फोटक. चित्रात ते ओळखू येतं. असा समूह सूर्याच्या थाळीच्या मध्यावर आला की बातम्यांवर लक्ष ठेवा.

सीमोल्लंघन (ऑस्लो)

ट्रॅव्हलवाल्याचं म्हणणं धंद्यापुरतं खरं मानावं. नासा आणि नोआ (अमेरिकेची हवामान-समुद्र संस्था) यांनी सूर्य कमाल काळात पोचल्याचं ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर केलं, पण त्याचा तुमच्या सहलीशी फारसा संबंध नाही. अरोरा हा ध्रुवाभोवतीचा एक कडा असतो. ट्रॉम्सो (नॉर्वे), आबिस्को (स्वीडन), फेअरबँक्स (अलास्का) ही गावं त्या कड्याखालीच बसलेली आहेत. सूर्य साधारण शांत असतानाही तिथे हिरवा पट्टा दिसतो. वादळ आलं की कडा दक्षिणेकडे पसरतो. म्हणजे मॅक्सिममचा मोठा फायदा लंडन, पॅरिस, टेक्सासवाल्यांना.

मे २०२४ चंच घ्या. ऑक्टोबर २००३ नंतरचं पहिलं जी५, म्हणजे सगळ्यात वरच्या श्रेणीचं वादळ, फ्लोरिडापर्यंत आकाश रंगलं. आणि ट्रॉम्सोत त्या दिवसांत रात्रच नव्हती! इथे ऑस्लोतही आकाश धड काळं होत नाही मे महिन्यात. अरोराच्या राजधानीतले लोक इंग्लंडचे फोटो बघत बसले.

शिवाय चक्र उतरणीला लागल्यावर सूर्याच्या किरीटात (बाहेरच्या वातावरणात) भगदाडं मोठी आणि टिकाऊ होतात. त्यांतून जोराचा सौरवारा सुटतो आणि दर २७ दिवसांनी तेच भगदाड पुन्हा पृथ्वीसमोर येतं. छप्पर उडवणारी वादळं नाहीत, पण उत्तरेत बघण्याजोग्या रात्री भरपूर. तेव्हा घाई करून चुकीच्या महिन्यात जाऊ नका.

माझी पसंती सप्टेंबरचा शेवट-ऑक्टोबर, नाहीतर फेब्रुवारीचा शेवट-मार्च. विषुवदिनांच्या (दिवस-रात्र समान असतात त्या) आसपास पृथ्वीचं आणि सौरवाऱ्याचं चुंबकीय क्षेत्र एकमेकांशी जुळायला सोयीचा कोन मिळतो, हे १९७३ पासून माहीत आहे. थंडीही डिसेंबरपेक्षा सोसवते. पौर्णिमेच्या आसपासचे दिवस टाळा.

खरा शत्रू ढग. ट्रॉम्सो किनाऱ्यावर आहे, ढग कायमचे. तिथले चांगले वाटाडे गाडीत घालून आत, फिनलंडच्या हद्दीपर्यंत नेतात. स्वीडनचं आबिस्को डोंगरांच्या आडोशाला असल्यामुळे तिथलं आकाश जास्त मोकळं. मुंबईहून एवढा खर्च करणार असाल तर एका जागी चार-पाच रात्री तरी काढा. एका रात्रीची "अरोरा टूर" म्हणजे जुगार.

आणि वहिनींना आधीच सांगून ठेवा, फोटोतल्यासारखं दिसेलच असं नाही. फिका अरोरा डोळ्याला राखाडी ढगासारखा दिसतो, रंग कॅमेऱ्याला कळतो. मोठा असला की मात्र हिरवा स्पष्ट दिसतो आणि हलतो. ते हलणं कुठल्याच फोटोत येत नाही.

चौकस_बाप

वा! ट्रॅव्हलवाल्याला हे पाठवतो. :) कॅमेऱ्याचं काय? आणि आज रात्री दिसेल की नाही हे कसं कळतं? ते केपी वगैरे डोक्यावरून जातं.

सीमोल्लंघन (ऑस्लो)

कॅमेरा तिवईवर, छिद्र (ॲपर्चर) एफ २.८ किंवा त्याहून उघडा, आयएसओ १६०० ते ३२००, पाच ते पंधरा सेकंद. फोकस हाताने एखाद्या ताऱ्यावर. अरोरा नाचरा असेल तर सेकंद कमी करा. फोनचा नाइट मोडही आता वाईट नाही, पण टेकू हवा. बॅटऱ्या आतल्या खिशात अंगाशी ठेवा, गारठ्यात भराभर उतरतात.

केपी हा चुंबकीय खळबळीचा शून्य ते नऊचा आकडा, तीन-तीन तासांचा, सगळ्या पृथ्वीचा मिळून. ट्रॉम्सोत असाल तर केपी २ लाही बाहेर पडा. त्यापेक्षा बी-झेड बघा. सौरवाऱ्यातल्या चुंबकीय क्षेत्राची दिशा दक्षिणेकडे, म्हणजे आकडा उणे झाला की पृथ्वीची कवाडं उघडतात. उणे दहाच्या खाली तासभर टिकला तर जॅकेट चढवा. हे मोजणारी यानं सूर्याच्या बाजूला १५ लाख किलोमीटरवर आहेत, त्यामुळे हाताशी वेळ अर्धा-पाऊण तासाचाच. सूर्यावरून भारित कणांचा लोट सुटल्याची बातमी मात्र एक ते तीन दिवस आधी मिळते.

आयुकाच्या_गल्लीत

त्याच १५ लाख किलोमीटरवर आपलं सूर्य बघणारं यान, आदित्य-एल१, जानेवारी २०२४ पासून आहे. त्यावरची अतिनील दुर्बीण, सूट, पुण्यात आयुका या खगोल संशोधन संस्थेने बनवलीय. सांगलीहून पुणे लांब नाही. विज्ञान दिनाला, २८ फेब्रुवारीला आयुका लोकांना खुलं असतं, लेकीला घेऊन या. पुण्यातल्या हौशी खगोलप्रेमींच्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेच्या लोकांनाही गाठा. फिल्म कशी लावायची हे वाचण्यापेक्षा कुणी समोर बसून दाखवलं की लगेच जमतं.

वाट_हानलेची

हानलेबद्दल माझं मत जरा कडू आहे. मे २०२४ ला तिथल्या वेधशाळेच्या सर्वाकाश कॅमेऱ्याने लाल झाक टिपली हे खरं. ऑक्टोबर २०२४ लाही. पण ती उत्तर क्षितिजालगतची, प्रामुख्याने कॅमेऱ्याला दिसणारी लाली. हानले ३२.८ अंश उत्तरेला. तिथून आपल्याला दूरवरच्या अरोराचा फक्त माथा दिसतो. दोनशे किलोमीटरच्या वरचा विरळ ऑक्सिजन लाल चमकतो, त्याच्या खालचा हिरवा भाग पृथ्वीच्या गोलाईआड जातो. म्हणून लडाखचे सगळे फोटो लाल.

असं वादळ कधी येईल ते आधी सांगता येत नाही, आणि आलं तरी परवाना, गाडी, विरळ हवा अंगवळणी पडायचे दिवस, हे सगळं होऊन तुम्ही पोचेपर्यंत ते विरलेलं असतं. हानलेला जरूर जा, आकाशगंगेसाठी. गावातली मंडळी दुर्बिणी लावून दाखवतात. अरोरा हा हिशेबात धरू नका.

अलिबागकर

थोडं अवांतर. १८५९ च्या सप्टेंबरातलं जे कॅरिंग्टन वादळ, म्हणजे इतिहासातलं गाजलेलं प्रचंड सौरवादळ, त्याची सगळ्यात गाजलेली चुंबकीय नोंद मुंबईची आहे. कुलाब्याच्या वेधशाळेत माणसांनी डोळ्याने वाचून, हाताने लिहिलेले आकडे, त्यात पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र सुमारे १६०० नॅनोटेस्लाने (हे त्याचं एकक) खाली आल्याचं दिसतं. मे २०२४ मध्ये अशाच घसरणीचा जागतिक निर्देशांक उणे चारशेच्या आसपास होता. दोन्हींची थेट तुलना होत नाही, तरी अंदाज येतो. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून ते काम १९०४ मध्ये आमच्या अलिबागला हलवलं, ते अजून चालू आहे.

आणि ४ फेब्रुवारी १८७२ ला अरोरा चक्क मुंबईतून दिसल्याची नोंद आहे. त्यामुळे वहिनींना सांगा, वाट बघायची तयारी असेल तर तिकीट लागत नाही!

चौकस_बाप

सगळ्यांचे आभार. ठरलं असं: फिल्म मागवतो, टोप्या करतो, नोंदी नोव्हेंबरपासून, आणि कागदावरची पद्धतही एखाद्या रविवारी मी स्वतः उभा राहून करून बघेन. नॉर्वे पुढच्या मार्चला, अमावास्या धरून. एक शेवटचं, हायड्रोजन-अल्फा दुर्बीण म्हणून एक प्रकार दिसला, ज्यात सूर्याच्या कडेच्या ज्वाळा दिसतात. त्यासाठी पैसे साठवावेत का?

दुर्बीणवेडा

आत्ता नको. कोरोनाडो, लंट यांच्या लहान दुर्बिणीही लाखाच्या घरात जातात, आणि त्यांतून सूर्याशिवाय काही बघता येत नाही. आधी परिसंस्थेत कुणाच्या तरी दुर्बिणीतून बघा. लेक वर्षभर डाग काढत राहिली तर मग बोलू. फिल्मचं पाकीट आलं की इथे फोटो टाका, घनता ५.० च आहे ना ते बघून सांगतो.