मदत हवी आहे: सिंगल-ॲक्शन रिव्हॉल्व्हरसाठी जुन्या घडणीची मूठ घ्यावी की बिस्ली?

नमस्कार.

मी टेक्सासमध्ये राहतो, दर शनिवारी रेंजवर सराव करतो आणि आता .४५ कोल्ट काडतुसाची पहिली सिंगल-ॲक्शन रिव्हॉल्व्हर (प्रत्येक गोळीआधी हॅमर, म्हणजे मागचा आघात करणारा भाग, अंगठ्याने मागे ओढावा लागतो अशी) घेण्याच्या विचारात आहे. काडतूस ठरले, रुगर कंपनीची ब्लॅकहॉक घ्यायची हेही ठरले. मुठीच्या चौकटीपाशी मात्र दोन महिने अडलो आहे. नेहमीची, म्हणजे जुन्या घडणीची मूठ घ्यावी की बिस्ली नावाची लांब, अधिक सरळ मूठ, हे दोन्ही वापरलेल्यांनी सांगावे अशी विनंती आहे.

नेहमीच्या मुठीला इथे ‘नांगराची मूठ’ म्हणतात, आणि ज्याने शेतात रुमणे धरले आहे त्याच्या हाताला ती लगेच ओळखीची वाटेल. कोल्ट कंपनीच्या १८५१च्या नेव्ही रिव्हॉल्व्हरवरून हा आकार १८७३च्या सिंगल ॲक्शन आर्मीत आला आणि तिथून पुढे इतरांनी उचलला. गोळी सुटताच ही मूठ तळहातात फिरते, नळीचे तोंड वर जाते आणि हॅमर आपसूक अंगठ्याजवळ येतो. २५० ग्रेन (सुमारे १६ ग्रॅम) वजनाची गोळी सेकंदाला सुमारे ८५० फूट वेगाने सोडणाऱ्या साध्या काडतुसांत मला हे फिरणे मनापासून आवडते, कारण त्यातच या रिव्हॉल्व्हरची लय आहे.

जड, म्हणजे जास्त धक्का देणाऱ्या काडतुसांत मात्र तेच फिरणे अंगाशी येते. मित्राच्या .४४ मॅग्नम रिव्हॉल्व्हरमधून बारा गोळ्या झाडल्या, तेव्हा हात मुठीवर वर सरकत राहिला आणि ट्रिगर गार्डची (ट्रिगरभोवतीच्या कडीची) मागची कड मधल्या बोटाच्या सांध्यावर आदळत राहिली. सांधा चार दिवस सुजलेला होता. शिवाय नेहमीच्या मुठीवर माझ्या करंगळीला जागा उरत नाही. ती खाली दुमडून घ्यावी लागते.

बिस्ली हे नाव इंग्लंडमधील सरे परगण्यातल्या नेमबाजीच्या मैदानावरून आले. कोल्टने त्या नावाचे मॉडेल १८९४ मध्ये काढले. रुगरची बिस्ली मूठ त्याहून वेगळी असून ती लांब आणि अधिक सरळ आहे, त्यामुळे धक्का वर न जाता बराचसा सरळ मागे तळहातात येतो. तिचा हॅमर खाली वाकलेला व रुंद आहे, म्हणजे पकड न सोडता अंगठा पोहोचावा. दुकानात रिकामी रिव्हॉल्व्हर धरून पाहिली तेव्हा करंगळी नीट बसली, परंतु नेम धरताना नळी किंचित खाली झुकल्यासारखी वाटली आणि रुमण्याची ती सहजता जाणवली नाही.

माझा हात लहान आहे. वर्षातली बहुतेक काडतुसे साधीच असतील, जड फार तर पाव हिस्सा. अशा वापरात बिस्लीची सवय किती दिवसांत होते? नेहमीच्या मुठीवर ट्रिगर गार्डमागची पोकळी भरून काढणाऱ्या जाड लाकडी पट्ट्या बसवल्यास सांधा खरोखर वाचतो का, की हात तरीही वर सरकतोच? नंतर मूठ बदलण्याचा मार्ग मी सोडून दिला आहे, कारण त्यासाठी हॅमर आणि ट्रिगरही बिस्लीचेच लागतात व चौकट घासून जुळवावी लागते.

शक्य असल्यास आपल्या हाताची मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतची लांबीही कळवावी. माझी १७ सेंटीमीटर आहे.