स्विच २ वर क्रिकेट? ईएकडून तरी नाही

ईए या गेम कंपनीचे मॅडन (अमेरिकन फुटबॉल) आणि एफसी २६ (फुटबॉल) हे गेम निन्टेंडोच्या स्विच २ या गेम खेळायच्या कन्सोलवर आले, म्हणजे ईए आता क्रिकेटही आणणारच, असं काही जण म्हणतात. मला नाही वाटत. निन्टेंडोच्याच जुन्या वी यू कन्सोलवरच्या 'मॅडन १३' नंतर मॅडन निन्टेंडोवर परतायला २०२५ उजाडलं, तेही पाठीशी अमेरिकेचं भलंमोठं मार्केट असताना. ईएचा शेवटचा मोठा क्रिकेट गेम म्हणजे 'क्रिकेट ०७', पीसी आणि प्लेस्टेशन २ वरचा. आपली मंडळी अजून त्यातच नव्या जर्सी आणि नवे संघ घालून खेळतात, ते सोडा!

आशा ठेवायचीच तर मेलबर्नच्या बिग अँट या गेम कंपनीकडून ठेवा. त्यांचा 'क्रिकेट १९' जुन्या स्विचवर आला होता. पण नुसतं 'आलं' म्हणून हुरळून जाऊ नका. ईएचे फुटबॉल गेम फिफा २० ते २३ स्विचवर 'लेगसी एडिशन' म्हणून यायचे: संघ नवे, जर्सी नव्या, खेळ जुनाच, पैसे मात्र दरवर्षी.

खरी अडचण गिऱ्हाइकाची आहे. आपल्याकडे क्रिकेट गेम म्हणजे फोन. चेन्नईच्या नेक्स्टवेव्ह कंपनीचा डब्ल्यूसीसी ३ (वर्ल्ड क्रिकेट चॅम्पियनशिप ३) किंवा नॉटिलसचा रिअल क्रिकेट, दोन्ही फुकट उतरवता येतात. ही सवय लागलेला माणूस हजारो रुपयांचं कन्सोल घेऊन वर गेमचे वेगळे पैसे का मोजेल?

फारच घाई असेल तर स्टीम डेक बघा, म्हणजे पीसीचे गेम चालवणारं हातात धरायचं यंत्र. फक्त हवा तो गेम त्यावर नीट चालतो का, हे स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात आधी तपासा.